पुढचा भाग

"जरा चहा टाकतेस?" पडद्यावर अंतराळयानातल्या चिमुरडीला ताप चढला आणि नवरा नेमका तेव्हाच म्हणाला. मृदुलाने मालिका थांबवली.

लग्नानंतर दर रविवारी दोघं हिचीच जुनी आवृत्ती बघायची. दर भागात नवा ग्रह, नवं संकट आणि शेवटी सगळे सुखरूप परत. ही नवी मात्र मारुतीच्या शेपटासारखी लांबणारी. कोण दगा देईल, कोण मरेल, नेम नाही. म्हणूनच एकट्याने पुढचा भाग बघायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं.

तरी कप्तान फितूर निघाला तेव्हा नवरा जराही दचकला नव्हता. अनाथ मुलांच्या तळावर हल्ला झाला तेव्हाही त्याला चहाच हवा होता. आणि आज या भागापुढे 'पाहिला' अशी खूण तिला दिसली होती.

"चोरून बघता ना तुम्ही?"

त्याने मान खाली घातली. "ही मुलगी वाचत नाही. तापातच जाते. आपल्या लेकीसारखी, इरासारखी."

मृदुलाचा राग घशातच विरला. "म्हणजे दर वेळी तुम्ही एकटे..."

"कुणीतरी आधी बघून ठेवायला हवं."

रिमोट त्याच्या हातात देत ती जवळ सरकली. "लावा. चहा नंतर."