कमरेपर्यंत शटर

शिंपीणबाईंनी हात लावताच दुकानाचं शटर एका झटक्यात वर गेलं आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांचा नवरा फिटर. जे अडेल त्याला ग्रीस, एवढंच त्याचं शास्त्र. बायको आदल्या दिवशी दवाखान्यात गेली होती तेवढ्यात शटर हलकं व्हावं म्हणून त्याने त्याच्या स्प्रिंगांचा पीळ वाढवून ठेवला होता आणि दोन्ही खाचांत सढळ हाताने ग्रीस भरलं होतं. आता ती हसेल म्हणून तो वाट बघत होता.

लांबलेल्या दुखण्याने आणि औषधांनी बाईंचे दंड, मांड्या पार उतरवल्या होत्या. नातेवाइकांचं एकच पालुपद, पडून राहा. पण बाई खुर्चीतून हात न टेकता उठबस करायच्या, लोखंडी इस्त्री थंडच उचलून खालीवर करायच्या आणि नाक मुरडत अंडी गिळायच्या. शटर माझ्या हाताने वर जाईल त्या दिवशी दुकान उघडेन, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

"कुणी हात लावला याला?"

फिटर रस्त्याकडे बघू लागला, जणू आपण सहज इथून चाललो होतो.

"काट्यावर बोट दाबून वजन दाखवताय मला? दुखणं अजून मुक्काम हलवत नाहीये. माझ्या अंगात किती उरलंय, ते मला कळायला नको?"

फिटरने शटर खाली ओढलं आणि शिडी लावली. पीळ उतरवला, खाचा चिंधीने पुसल्या. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि राहिलेलं ग्रीसही पुसायला लावलं. तोवर एक गलेलठ्ठ गिऱ्हाईक कोट घेऊन हजर झालं. मी उचलू का, असं ते म्हणालं खरं, पण बाईंनी नुसतं पाहिलं तसं दोन पावलं मागे सरलं.

बाईंनी पाय रोवले. शटर कुरकुरलं, गुडघ्यापर्यंत आलं, मांडीपर्यंत आलं. दंड थरथरू लागले. फिटरचे हात आपसूक पुढे निघाले, ते त्याने काखेत दाबून धरले. शटर कमरेशी आलं आणि अडलं.

बाईंनी हात सोडले. शटर तिथंच राहिलं. त्यांनी दम खाल्ला.

"कमरेपर्यंत," त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाचं माप घेताना म्हणत तशाच.

"मग दुकान?" फिटरने भीत भीत विचारलं.

"उघडलंय की."

कशाचाही आधार न घेता त्या खाली बसल्या, शटरखालून आत सरकल्या. आत दिवा लागला. मशीनवरचं कापड झटकल्याचा आवाज आला.

गिऱ्हाइकाने शटरकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. कोट फिटरच्या हातात दिला आणि ते वाकायला लागलं.

"कमरेतून नको, साहेब," आतून आवाज आला. "गुडघ्यांतून वाका."