रिकामं पठार

"मावशी, जरा बाजूला व्हा ना!" मी तिसऱ्यांदा सांगितलं.

पठार फुलांनी भरलं होतं, ऊन कलायला लागलं होतं, आणि ही बाई म्हैस घेऊन नेमकी माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहत होती. पैसे उकळायचा धंदा, दुसरं काय! मी खिशातून पन्नासची नोट काढली.

तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"गेल्या साली एकजण आलता. त्यालाबी नुसतं पठारच पायजे हुतं. आमी झालो बाजूला. मग सरकारी कागद आला, हितं कुणी ऱ्हातच न्हाई म्हून. कागदाला त्याचाच फोटू."

डावीकडे उतारावर त्यांची चार घरं होती. तीच फोटोत येऊ नयेत म्हणून मी तासभर ट्रायपॉड सरकवत होतो.