खत्रूड सरांची कम्युनिटी

नोएडाच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात तेव्हा ऑर्कुटचं नुसतं पेव फुटलं होतं. मृणालने खोटं नाव घेऊन, हिरॉइनचा फोटो लावून ‘वुई हेट पेंडसे सर’ अशी कम्युनिटी काढली. खाली माहिती लिहिताना मात्र सवयीने ‘एक नंबरचा खत्रूड’ असं लिहून गेली. अख्ख्या कॉलेजात मराठी माणसं दोनच, ती आणि पेंडसे सर.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून मराठीत सुरू झाले.

“मेंबर किती झालेत?”

“सॉरी सर, आजच डिलीट करते!” मृणालला इंटर्नलचे मार्क वाहून जाताना दिसत होते.

“किती झालेत ते विचारलं मी.”

“शंभरेक असतील.”

“आणि मॅथ्सच्या खन्नावर काढलीये, तिच्यात?”

“चारशेच्या वर, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.



“डिलीट-बिलीट काही करायचं नाही. उद्या सरप्राइज टेस्ट ठोकतो. बघू, खन्ना किती दिवस पुढे राहतो ते!”