खुर्चीतलं पांढरं वर्तुळ

“आले का हो?” पी बुनसीने विचारलं.

थविनने कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. फोटोत व्हरांड्यातली वेताची खुर्ची होती. तिच्यावर सावरीच्या कापसाची तिकोनी उशी होती. आणि उशीच्या वर, अंधारात, एक फिकट पांढरं वर्तुळ तरंगत होतं.

“आलेत,” तो म्हणाला. “आज जरा डावीकडे आहेत.”

“म्हणजे तुमच्या बाजूला. तुम्ही इतकं हळू बोलता, ख्रू, की मेलेल्या माणसालासुद्धा सरकून बसावं लागतं.”

तिने काठोकाठ भरलेल्या किटलीतून बेलफळाचा चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. दोघं खुर्चीकडे तोंड करून चहा प्यायले.

तिचा नवरा इन्ता जाऊन वर्ष उलटलं होतं. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या आली की पी बुनसी सकाळी भिक्खूंना अन्न द्यायची, नवऱ्याच्या नावाने पाणी सोडायची, आणि दिवेलागणीला कुंपणावरून हाक मारायची. ख्रू, या, माझा हात कापतो, फोटो हलतो. थविनचं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं होतं, म्हणून थायलंडातल्या लांपांग गावची ती सगळी गल्ली त्याला ख्रू म्हणायची, म्हणजे गुरुजी. शिकवलं त्याने कुणालाच नव्हतं. ती वयाने मोठी, म्हणून तो तिला पी म्हणायचा, म्हणजे ताई. शेजारी राहून इतकी वर्षं झाली, पण याहून जास्त काही म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं.

कॅमेरा इन्ताचा. रुपेरी, कडा झिजलेला, पेन्सिल सेलवर चालणारा. त्यात माणसांचे चेहरे मेणाचे आणि गुलाबी दिसायचे, दिव्याखालची भिंत केशरी व्हायची, आणि अंधारात कुणीतरी रवा भुरभुरल्यासारखे कण दिसायचे. इन्ता गेल्यावर त्याच्या खुर्चीत पहिल्यांदा वर्तुळ उमटलं, तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. बायकांनी हात जोडले होते.

थविनने जोडले नाहीत. अशा कॅमेऱ्यांत दिवा भिंगाला अगदी चिकटून असतो, समोरून उडणाऱ्या धुळीच्या कणावर उजेड पडला की त्याचं असं वर्तुळ होतं, हे त्याने ग्रंथालयातल्या एका जुन्या मासिकात वाचलं होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बिचारीला तेवढाच आधार, असं तो मनाशी म्हणायचा. पण ते पूर्ण खरं नव्हतं, हेही त्याला कळत होतं. त्याच्या घरात पुस्तकं होती आणि एक ताट होतं. एरवी बोलणं व्हायचं ते शेवयावाल्याशी, आणि तेही तिखट कमी घाल, एवढंच. खुर्चीत इन्ता नसेल, तर कुंपणावरून त्याला कोण आणि कशाला हाक मारणार?

सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या, सुट्टीत पी बुनसीची मुलगी पिकुन बँकॉकहून आली. आईसाठी तिने नवा फोन आणला होता. पौर्णिमेच्या संध्याकाळी तिनेच फोटो काढला. त्यात वेताची वीण न् वीण दिसत होती. मागचं आंब्याचं झाडही दिसत होतं. वर्तुळ नव्हतं.

“बाबा फोनला बुजले असतील,” पी बुनसी म्हणाली.

“आई, तो जुना डबा धूळ दाखवायचा. ते बाबा नव्हते.” मग पिकुन थविनकडे वळली. “काका, तुम्ही एवढे वाचणारे. तुम्हीसुद्धा सांगितलं नाही तिला?”

थविनने कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. पी बुनसी उठून कप विसळायला गेली. त्या दिवशी तिने त्याला आणखी थोडा चहा घ्या असं म्हटलं नाही.

पिकुन परत गेली. पुढची अष्टमी आली. थविनने इस्त्रीचा सदरा घातला आणि हाकेची वाट न बघता, दिवेलागणीच्या आधीच निघाला. काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं. मला माहीत होतं, पी. मी तुम्हाला फसू दिलं. आता मी येणार नाही. शेवटचं वाक्य त्याने दोनदा बदलून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा ते तसंच राहिलं होतं.

जास्वंदीच्या दाट कुंपणाआड तो थांबला. व्हरांड्यातून धप धप आवाज येत होता.

पी बुनसी पाठमोरी उभी होती. इन्ताची तिकोनी उशी दोन्ही हातांत धरून ती खांबावर आपटत होती. पुन्हा पुन्हा, सगळा जोर लावून. मावळतीच्या उजेडात सावरीची लव आणि धूळ खुर्चीभोवती भरून राहिली होती. तिला खोकला आला. तिने बाहीने तोंड पुसलं, उशी खुर्चीत ठेवली, तिचा कोपरा सरळ केला. मेजावर दोन कप मांडलेले होते. नवा फोन किटलीखाली होता, आसनासारखा.

मग तिने जुना कॅमेरा उचलला, त्याचं बारीक झाकण उघडलं, आणि दोन नवे सेल एका फटक्यात आत बसवले. हात जरासुद्धा कापत नव्हता.

“ख्रू,” तिने त्याच्या रिकाम्या घराकडे तोंड करून हाक मारली, “या लवकर. माझा हात कापतोय.”

थविन पावलं न वाजवता मागे आपल्या अंगणात गेला, आणि तिथून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्याने, त्याने ओ दिली.