मधोमधला आवाज

गाणं सुरू झालं, पण त्यात गाणारीच नव्हती. बेंजो वाजत होता, ढोलकी कडकडत होती आणि शब्दांच्या जागी नुसती पोकळी.

"विलास, अरं वनीचा आवाज कुठं हाय?" विमलबाईंनी भावाला हाक मारली. मंडपात हशा पिकला. कशेळ्यापासून कर्जतपर्यंत लोकांची लग्नं वाजवणारा साउंडवाला, आणि लेकीच्या हळदीला ही बोंब!

पाटावर बसलेली रिया मात्र हसली नाही. "बाबा, मी एवढंच मागितलं होतं," ती म्हणाली. हळद लागेल ती आईच्या गाण्यावरच, हा तिचा हट्ट होता.

तिची आई वनिता हळदीची गाणी म्हणायची तेव्हा बायका हातातली कामं टाकून यायच्या. शिळफाट्याच्या एका स्टुडिओत तिचं हे एकच गाणं रेकॉर्ड झालं होतं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून विलासने ते गाणं कुठेही लावलं नव्हतं. कोणी मागितलं की पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून सांगायचा. बायकोच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

आज त्याने अँप्लिफायर ब्रिज केला होता, म्हणजे दोन्ही चॅनेलची ताकद एका स्पीकरला. प्लसची वायर एका लाल टर्मिनलला, मायनसची दुसऱ्या लालला. हे त्याने अगदी बरोबर केलं. फक्त मागचा ब्रिजचा स्विच दाबला नाही. तो राहिला की डाव्या-उजव्या बाजूला जे सारखं असतं ते एकमेकांना मारतं. गाणाऱ्याचा आवाज मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा. नेमका तोच जातो. ही नवशिक्यांची चूक. विलासकडून बावीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

वनिता उठून मशीनमागे आली. लग्नांच्या ऑर्डरींना ती कितीदा त्याच्यासोबत टेंपोतून गेली होती. तिने दोन लाल टर्मिनल पाहिली, स्विच पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

विलासने स्विचवर हात ठेवला. "राहू दे गं," तो पुटपुटला. "तुला सोसायचं नाय."

तिने त्याचा हात बाजूला केला. आवाज उतरवला, स्विच दाबला, आवाज पुन्हा चढवला.

आणि वनिता गाऊ लागली. खणखणीत, मंडपभर. रियाने डोळे मिटले, तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. विमलबाईंनी पहिली हळद लावली. विलास तोंड फिरवून खांबाला धरून उभा राहिला. त्याच्याने बायकोकडे बघवेना.

तिनेच त्याला खांद्याला धरून वळवलं. तिचे डोळे कोरडे होते. कमरेला खोचलेली वही काढून तिने दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"तुमी ऑर्डरीला गेलात की मी रोज आयकते. सोसत नाय ते तुमाला."