एवढासा ठिपका

निवृत्त ग्रंथपालबाई दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत नववीतल्या कच्च्या मुलांना फुकट शिकवायच्या. त्यांतली चिमणी दीड महिना दशांश चिन्हापाशीच अडली होती. फुटपट्टी झाली, वजनकाटा झाला. बाईंनी कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं. "बाई, ठिपका असला काय नि नसला काय, पाच ते पाचच ना?" हे तिचं पालुपद काही सुटेना, आणि परीक्षा तर परवावर आली.

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी पर्समधून औषधाचं माप काढलं. एका वाटीत पाच मिली पाणी ओतलं, दुसरीत ०.५, म्हणजे जेमतेम दहा थेंब.

चिमणी दोन्ही वाट्यांकडे बघतच राहिली. "म्हणजे हे त्याच्या दहापट?"

"आत्ता कशी बोललीस!" बाईंना भरून आलं. त्यांनी तिची पाठ थोपटली, तर पोरीने त्यांचा हात घट्ट धरला.



"बाई, माझ्या तान्ह्या भावाच्या औषधाच्या चिठ्ठीत ०.५ लिहिलंय. आई कामावर असते, म्हणून कालपासून मीच पाजतेय, पाच-पाच मिली. सकाळपासून तो रडलेलाच नाही."