मयताचा वाटा

तुम्हीच मारलंत त्याला. मारलंत, आणि वर चूकही त्याच्याच माथी मारलीत.

मल-सून हे तोंडाने बोलली नाही. ती रस्सा ओतत होती. डुकराची हाडं पहाटेपासून उकळून दुधासारखा झालेला पांढरा रस्सा, त्यात जाड नूडल्स, वर मांसाचे काप, कांद्याची पात आणि चिमूटभर तिखट. तिने भांडं साहेबांपुढे ठेवलं.

कामगार खात्याचे साहेब राजधानीतून बदलून या बेटावर आले, तेव्हापासून तिच्याच हॉटेलात जेवायचे. कारखान्यांतली यंत्रं माणसं खात नाहीत ना, हे बघायचं त्यांचं काम. शेतातले मुळे धुण्याच्या कारखान्यातल्या फिरत्या पिंपाने मल-सूनच्या नवऱ्याला, दोक-सूला, बाहीला धरून आत ओढलं. हात आत जाऊ नये म्हणून बसवायची जाळी पिंपावर नव्हती. साहेबांनी चौकशी केली आणि निकाल दिला : जाळी होती, कामगारानेच काढली.

तेव्हापासून दोक-सू इस्पितळाच्या शीतपेटीत पडून होता. खरं काय ते कळल्याशिवाय माती देणार नाही, असं म्हणून मल-सून हटून बसली होती. गाव रोज तिथल्या मयताच्या दालनात जाऊन त्याच्या फोटोपुढे वाकून येई. साहेबांनी तिथे पाय ठेवला नाही. ठेवला असता तर फोटोपुढे वाकावं लागलं असतं, आणि वाकलेला साहेब म्हणजे चुकलेला साहेब. तिथे गेले नाहीत, पण इथे आले. दोन घास खाऊन बाईला समजवायला.

“वा, मावशी!” साहेबांनी भुरका मारला. “राजधानीत दिवसभर रांगेत उभं राहिलं तरी असला रस्सा मिळायचा नाही. अरे यांग, खा की! गाडी काय पळून जातेय तुझी?”

“खातोय, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. तो बेटावरचाच होता. मघापासून तो नूडल्स नुसत्या ढवळत होता.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “हे बघा मावशी, मेल्या माणसाला असं थंडीत कुडकुडत ठेवू नये. उरकून टाका. राहता राहिली ती जाळी. ती मी स्वतः पाहिली होती, या डोळ्यांनी. तपासणीच्या दिवशी, भर दुपारी. पिंपावर घट्ट बसवलेली. दुसऱ्या दिवशी त्याने काढली, काम लवकर आटपावं म्हणून, आणि जिवाला मुकला. गेलेल्याला नावं ठेवू नयेत, पण खरं ते खरं.”

हॉटेल भरलेलं होतं. तरी कुणी सोजू दारूची बाटली मागवत नव्हतं, कुणी कुणाची टर उडवत नव्हतं. साहेबांना वाटलं, आपला दरारा.

“आधी जेवा,” मल-सून म्हणाली. “मांस येतंय.”

एरवी मांस लाकडी पाटावर यायचं, वाफाळतं, ढीगभर. आज लहान लहान बशा आल्या. म्हातारे को काका स्वतः घेऊन आले. बशीत कातडीसकट मांसाचे तीन काप, रक्ताच्या सॉसेजचा एक, टोफूचा एक.

“तीनच काप?” साहेब हसले. “काय हो काका, डुक्कर आजारी होतं का?”

“सगळ्यांना तेवढंच,” को काका म्हणाले. “राजा असो नाहीतर भिकारी.”

साहेबांनी एक काप खारवलेल्या मासळीच्या रसात बुडवला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. “अहाहा! चरबी नाही, लोणी आहे लोणी.” दुसराही गेला. तिसरा उचलला.

यांगने आपल्या बशीकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलाकडे, मग त्यापलीकडच्या. सगळ्यांपुढे तीच बशी. कुणीही तिला हात लावलेला नव्हता. त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“साहेब, ते ठेवा खाली.”

“का रे? तुला हवाय?” साहेबांनी तिसराही तोंडात टाकला.

“को काका हॉटेलात मांस कापत नाहीत, साहेब. ते गावाला मांस वाटून देणारे मानकरी. त्यांची सुरी लग्नाला निघते, नाहीतर मयताला.” यांग उठून उभा राहिला. “आणि इथे लग्न नाहीये. हा मयताच्या घरचा वाटा आहे. आधी गेलेल्याला नमस्कार, मग घास. आपण उलटं करून बसलोय.”

खुर्च्या सरकल्या. सगळं हॉटेल उभं राहिलं. कुणीतरी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला. आत काळी फीत लावलेला दोक-सूचा फोटो होता, पुढे उदबत्ती जळत होती. मल-सूनने ॲप्रनची गाठ सोडली. आत सुतकाचे काळे कपडे होते.

साहेब ताडकन उठले. “ही जबरदस्ती आहे! मी खात्याचा माणूस आहे.”

“कुणी धरलंय तुम्हाला?” को काका म्हणाले. “दार सताड उघडं आहे. तोंडातला घास तेवढा गिळा.”

साहेब दाराकडे वळले.

मल-सून फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. “वाका, नाहीतर जा. तुमची मर्जी. पण जाण्याआधी याच्याकडे बघून एवढं सांगा. जाळी तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, तपासणीच्या दिवशी, भर दुपारी. आत्ताच चारचौघांत म्हणालात. त्या दुपारी कारखान्याचा मालक आणि तुम्ही याच टेबलावर होतात. पार उन्हं कलेपर्यंत. ही माणसं साक्षीला आहेत, आणि वाढायला मी होते. मग इथे बसून जाळी कशी दिसली, साहेब?”